सिनेमा, मालिका आणि बघताना होणारा वैताग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात किंवा थिएटरात काही बघताना ज्या गोष्टी डोक्यात जातात, त्यांतल्या बऱ्याच गोष्टी दहा मिनिटांत सुटतात. कळ कुठे आहे आणि कुणाला सांगायचं एवढं माहीत हवं. मतं आमची आहेत आणि ती आम्ही लपवलेली नाहीत.

नवा टीव्ही आणला आणि सगळे सिनेमे मालिकेसारखे दिसायला लागले. टीव्ही बिघडलाय का?

नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रं या वेगाने चित्रित होतो. आजचा टीव्ही सेकंदाला ६० किंवा १२० वेळा चित्र बदलतो, म्हणून तो दोन खऱ्या चित्रांच्या मधली चित्रं स्वतः अंदाजाने तयार करून भरतो. त्यामुळे हालचाल तेल लावल्यासारखी गुळगुळीत होते, सेट सेटसारखा दिसतो आणि मेकअप मेकअपसारखा. क्रिकेट बघताना हे चालून जातं, पण सिनेमाची त्याने वाट लागते. छायालेखकाने प्रत्येक चित्रात किती हालचाल पुसट ठेवायची हे ठरवलेलं असतं, त्याच्यावर यंत्राने ओढलेली ही रेघ आहे. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझने खास व्हिडिओ करून लोकांना हे बंद करा म्हणून सांगितलं होतं, ते याचसाठी.

हीच गोष्ट प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने विकते, म्हणून ती सापडत नाही. सॅमसंगमध्ये ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ बघा, एलजीमध्ये ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’. शाओमी आणि इतर काही कंपन्या तिला ‘एमईएमसी’ म्हणतात. सेटिंग्ज, पिक्चर, मग ‘ॲडव्हान्स्ड’ किंवा ‘एक्स्पर्ट’ असा रस्ता असतो.

बंद करूनही ‘पुन्हा चालू झालं’ अशी तक्रार येते. ते पुन्हा चालू झालेलं नसतं. टीव्ही हे सेटिंग प्रत्येक जोडणीसाठी आणि प्रत्येक पिक्चर मोडसाठी वेगळं लक्षात ठेवतो. सेट टॉप बॉक्सवर बंद केलं तरी टीव्हीतल्या ॲपवर ते चालूच राहतं, आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारा) सिनेमा लागला की तिसराच संच लागू होतो. म्हणून सिनेमा सुरू करा, तो चालू असतानाच मेनू उघडा आणि तिथे बंद करा. हे प्रत्येक ठिकाणी एकेकदा करावं लागतं.

२०२० पासूनच्या अनेक टीव्हींमध्ये ‘फिल्ममेकर मोड’ आहे. असेल तर तोच लावा, बाकी काही शोधू नका.

एक अपवाद आहे. ओएलईडी टीव्हीवर (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो) हे पूर्ण बंद केलं की कॅमेरा आडवा फिरताना चित्र झटके खातं, कारण ते पिक्सेल क्षणात बदलतात आणि मधे पुसटपणा उरत नाही. तिथे ‘कस्टम’ किंवा ‘युजर’ निवडून ‘डी-जडर’ १० पैकी २ किंवा ३ वर ठेवा, ‘डी-ब्लर’ शून्यावर.

मग मराठी मालिका ॲपवर बघताना मधेच अडखळते, तेही यामुळेच का?

ते कारण वेगळं आहे. आपल्याकडचं प्रक्षेपण ५० हर्ट्झचं आहे, म्हणून मालिका सेकंदाला २५ चित्रांनी बनतात. टीव्हीला जोडलेली, ॲप चालवणारी स्टिक बहुधा ६० हर्ट्झवर चालते. २५ चित्रं ६० मध्ये समान वाटता येत नाहीत, काही चित्रं जास्त वेळ थांबतात, आणि कॅमेरा सरकला की ते जाणवतं. स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’ किंवा ‘मॅच कंटेंट’ अशी कळ असते, ती चालू करा. परदेशात राहून मराठी मालिका बघणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, कारण अमेरिकेत सगळी उपकरणं मुळातच ६० वर बसवलेली असतात.

रात्रीचे प्रसंग दिसतच नाहीत. नुसता काळोख.

आधी वीजबचतीचं सेटिंग बघा. ‘एनर्जी सेव्हिंग’, ‘इको मोड’ किंवा खोलीतल्या उजेडाप्रमाणे चित्र मंद करणारा सेन्सर चालू असेल तर अंधाऱ्या खोलीत तो चित्र आणखी मंद करतो. बहुतेक वेळा गाठ इथेच सुटते. मग पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ ठेवा. ‘व्हिव्हिड’ दुकानातल्या ट्यूबलाइटखाली उठून दिसावा म्हणून असतो, त्यात माणसांचे चेहरे निळसर पडतात. रंगाची ऊब ‘वॉर्म’ वर ठेवा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल. मग डोळे सरावतात आणि जुनं चित्र निळं दिसायला लागतं.

शार्पनेस कमी करा. सॅमसंगवर शून्य, एलजीवर शून्य ते १०. सोनीच्या बऱ्याच टीव्हींवर मात्र ५० हा तटस्थ आकडा आहे, तिथे शून्य केलं तर चित्र धूसर होतं.

एवढं करूनही दुपारी दिसत नसेल तर दोष टीव्हीचा नाही. एचडीआर आणि डॉल्बी व्हिजनमधले सिनेमे अंधाऱ्या खोलीसाठी रंगवलेले असतात. ‘डॉल्बी व्हिजन ब्राइट’ निवडा आणि टीव्हीसमोरच्या खिडकीला जाड पडदा लावा. पडद्याचा उपयोग सेटिंगपेक्षा जास्त होतो.

संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवला की मारामारीत घर दणाणतं. रिमोट हातातून सुटत नाही.

घरोघरी हीच तक्रार आहे आणि ती अगदी खरी आहे. सिनेमाचा आवाज पाच स्पीकर आणि एक सबवूफर (खर्जातला दणका देणारा स्पीकर) यांच्यासाठी मिसळलेला असतो. संवाद जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरमधून येतात. तुमच्या टीव्हीला मधला स्पीकर नाही. दोनच आहेत, तेही पातळ आणि तोंड खाली किंवा भिंतीकडे. सहा वाटांचा आवाज दोन वाटांत कोंबला जातो आणि पार्श्वसंगीत संवादांवर बसतं.

फुकटात करायच्या गोष्टी, याच क्रमाने:

ॲपमध्ये भाषा निवडताना एकाच भाषेच्या दोन ओळी दिसतात का बघा, एक साधी आणि एक ५.१ लिहिलेली. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकत असाल तर साधी निवडा. ती दोन स्पीकरसाठीच बनवलेली असते.

टीव्हीचा साउंड मोड ‘क्लिअर व्हॉइस’, ‘डायलॉग’ किंवा ‘ॲम्प्लिफाय’ असा काही असेल तर तो लावा. ‘सराउंड’ आणि ‘थ्रीडी साउंड’ बंद करा. ते संवाद पातळ करतात.

‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ चालू करा. यात मोठा आवाज दाबला जातो आणि लहान वर येतो. संगीतप्रधान सिनेमाला तो लावू नका, गाण्याचा जीव जातो.

साउंडबार घ्यायचाच तर कोणता?

खोक्यावरचा पहिला आकडा बघा. २.१ म्हणजे डावा, उजवा आणि सबवूफर: धडाम वाढेल, संवाद तसेच राहतील. ३.१ मध्ये मधला स्पीकर वेगळा असतो, संवाद त्यातून येतात. आठशे वॅट, हजार वॅट या आकड्यांकडे बघूही नका. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय भोकाशेजारी ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ लिहिलंय त्यातच वायर लावा, आणि सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू करा. नाहीतर साउंडबार मुकाच राहतो. बार टीव्हीच्या पायापुढे ठेवा, शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबू नका.

सबवूफर कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवला की घुमतो आणि शेजाऱ्यांच्या पलंगापर्यंत जातो. भिंतीपासून हातभर पुढे, खाली जाड रबराचा तुकडा. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. खालच्या मजल्यावरचा माणूस तक्रार घेऊन वर आला तर तो बरोबरच असतो.

ओठ आधी हलतात, शब्द मागाहून येतात.

शब्द मागून येत असतील तर बहुधा ब्लूटूथचं काम आहे. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज १५० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. माणसाच्या कानाला सव्वाशेच्या आसपास उशीर जाणवायला लागतो. वायर लावा, हा सरळ उपाय आहे. साउंडबारवर असं होत असेल तर टीव्हीच्या ‘डिजिटल साउंड आउट’ मध्ये ‘पास-थ्रू’ किंवा ‘पीसीएम’ करून बघा.

उलट, शब्द आधी आणि ओठ नंतर असेल तर टीव्ही चित्रावर फार प्रक्रिया करतोय. आवाज आधी आलेला माणसाला लवकर खटकतो, ४५ मिलिसेकंद पुरतात. इथे ‘ऑडिओ डिले’ दहा-दहाने वाढवत जा. लक्षात घ्या, ही कळ आवाज फक्त मागे ढकलते. आधीच मागे असलेला आवाज तिने पुढे येणार नाही, आणि लोक नेमकी तीच चूक करतात.

वरखाली काळ्या पट्ट्या येतात. पूर्ण पडदा का भरत नाही?

कारण सिनेमा त्या आकाराचा आहे. टीव्ही १६:९ असतो; सिनेमास्कोप त्याहून रुंद, २.३९ ला १. तो टीव्हीवर पूर्ण दाखवायचा तर पडद्याची पाव उंची काळी राहणारच. पट्ट्या घालवायला ‘झूम’ दाबलं की डावी-उजवीकडची माणसं कापली जातात. पट्ट्या राहू द्या.

याहून वाईट प्रकार जुन्या सिनेमांचा होतो. प्रभातच्या काळातले बोलपट जवळपास चौकोनी चौकटीचे आहेत. टीव्ही त्यांना ताणून पडदा भरतो आणि माणसं तिसऱ्या हिश्शाने रुंद होतात. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम जाडजूड दिसत असेल तर दोष तुमच्या रिमोटचा आहे. पिक्चर साइझ ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ करा. कधी कधी वाहिनीच ताणलेलं चित्र पाठवते, तेव्हाही ४:३ दाबलं की ते दबून मूळ आकारात येतं. बाजूच्या पट्ट्यांचा त्रास मानू नका. नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी ती चौकट डोळ्यात तेल घालून बांधली होती.

खालची अक्षरं किंवा वाहिनीची पट्टी अर्धी कापली जात असेल तर ‘जस्ट स्कॅन’, ‘फिट टू स्क्रीन’ किंवा ‘ओव्हरस्कॅन बंद’ अशी कळ शोधा.

टीव्ही किती उंचीवर आणि किती लांब?

बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला टीव्हीचा मध्य. सोफ्यावर ती पातळी साडेतीन फुटांच्या आसपास येते, म्हणजे ५५ इंची टीव्हीची खालची कड जमिनीपासून साधारण ७० सेंटिमीटर. आपल्याकडे तो देवळीसारखा उंच टांगतात, मग तीन तासांच्या सिनेमानंतर मान धरते आणि एलईडीचे काळे रंगही खालून बघताना करडे दिसतात. उंच टांगण्यावाचून इलाज नसेल तर पुढे झुकणारा ब्रॅकेट घ्या. अंतर ४३ इंचीला सुमारे ६ फूट, ५५ ला साडेसात, ६५ ला पावणेनऊ.

पाऊस सुरू झाला की डिश बंद पडते. नेमका महाएपिसोड असताना!

छत्रीला येणारे सिग्नल केयू बँडचे, अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांबीच्या लहरींचे असतात. जोरदार पावसाचे थेंब त्या शोषून घेतात आणि विखुरतात. ढगफुटीसारख्या पावसात कुठल्याच कंपनीचं चालणार नाही, त्यासाठी कस्टमर केअरला फोन करून उपयोग नाही. पण रिमझिम पावसातही चित्र चौकोन-चौकोन होत असेल, किंवा पाऊस थांबून पंधरा मिनिटं झाली तरी येत नसेल, तर दोष गच्चीवर आहे. छत्री हललेली असते, नाहीतर वायरच्या पिनेत पाणी शिरलेलं असतं. मे महिन्यातच पिना बदलून घ्या, त्यावर पाणी न शिरणारी टेप गुंडाळा आणि वायर पिनेकडे जाण्याआधी खाली एक वळसा घेईल अशी ठेवा, म्हणजे पाणी वळशातून गळून जातं. बॉक्सच्या मेनूत ‘स्ट्रेंथ’ आणि ‘क्वालिटी’ असे दोन आकडे असतात. महत्त्वाची असते ती क्वालिटी.

मालिका इतक्या का लांबवतात? तीच प्रतिक्रिया तीन-तीन वेळा?

हिशेब करून बघा. नियमानुसार तासाला १२ मिनिटं जाहिरातींना मिळतात: १० बाहेरच्या, २ वाहिनीच्या स्वतःच्या. अर्ध्या तासाच्या भागात गोष्टीला उरतात २४ मिनिटांपर्यंत, त्यात मागील भागातलं आणि शीर्षकगीत. तेवढं काम आठवड्याला सहा-सात वेळा चित्रित व्हायला हवं. आता दिवाणखान्यात आठ माणसं उभी करा, एकाने धक्कादायक वाक्य बोलावं, आणि आठही चेहरे चार-चार सेकंद, दोनदा दाखवा. एक मिनिट चार सेकंद भरले, एका वाक्याच्या लेखनात.

दुसरं कारण दर गुरुवारी येणारे टीआरपीचे आकडे. ज्या पात्रामुळे आकडा वाढला त्याला मरू देत नाहीत, आणि ज्या लग्नाने तो वाढला ते लग्न तीन आठवडे चालतं. लेखकाला शेवट माहीतच नसतो, कारण शेवट कधी करायचा हे त्याच्या हातात नसतं. आमचं स्पष्ट मत: मराठी नटांची तयारी पाहता ही उधळपट्टी आहे. रंगभूमीवर दोन अंकांत अख्खा माणूस उभा करणाऱ्या कलाकाराला इथे वर्षभर दारामागून ऐकायला लावतात. शंभर-दीडशे भागांत संपायचं आधी ठरवलेली मालिका जास्त चांगली होते. प्रेक्षक तशी मालिका शोधून बघतील तर वाहिन्याही करतील.

तोवर, ॲपमध्ये वेग बदलता येत असेल तर १.२५ वर ठेवा. २२ मिनिटांचा भाग साडेसतरा मिनिटांत संपतो आणि आवाज चिरका होत नाही. दीडपट वेगावर मात्र शब्द खाल्ले जातात.

जाहिरात लागली की आवाज दुप्पट का होतो?

सगळ्यात मोठा आवाज दोन्हीकडे सारखाच असतो. फरक असा की मालिकेत कुजबुज असते, शांतता असते. जाहिरातीत सगळाच आवाज दाबून वरच्या पट्टीला आणलेला असतो, म्हणून सरासरी वाढते आणि कान सरासरीवर चालतो. टीव्हीत ‘ऑटो व्हॉल्यूम’ लावा.

थिएटरात कुठे बसावं?

पडद्यापासून दोन तृतीयांश मागे, मधोमध. आवाज तिथे सर्वांत समतोल असतो. सगळ्यात मागची रांग महाग असली तरी मागच्या भिंतीमुळे आवाज तिथे गढूळ होतो.

पडद्यावरचं चित्र मंद आहे किंवा आवाज कमी आहे. तक्रार करून उपयोग असतो का?

असतो, पहिल्या दहा मिनिटांत केली तर. मध्यंतरापर्यंत वाट बघितली की ‘आता काय’ असं उत्तर येतं. डोअरकीपरला नव्हे, व्यवस्थापकाला सांगा, आणि नेमकं सांगा. ‘चित्र नीट नाही’ म्हणू नका. फोकस उडालाय, एका बाजूला चित्र पडद्याबाहेर जातंय, मधला स्पीकर बंद आहे, असं म्हणा.

थ्रीडी खेळानंतर प्रोजेक्टरसमोरचा थ्रीडीचा फिल्टर तसाच राहिला तर साध्या सिनेमाचा उजेड निम्म्याहून कमी होतो. हा प्रश्न थेट विचारा, तो लगेच सुटतो. दिवा जुना झाला असेल तर मात्र त्या खेळापुरतं काही होत नाही. पैसे परत किंवा दुसऱ्या खेळाचं तिकीट मागा.

आवाजाचं असं आहे: सिनेमा ज्या स्टुडिओत मिसळला जातो तिथे पातळी ७ या आकड्यावर असते. थिएटरात ट्रेलर कर्कश वाटतात म्हणून कुणीतरी तक्रार करतं, ती ५ वर किंवा त्याहून खाली आणली जाते, आणि मुख्य सिनेमाही तसाच चालतो. कुजबुजीतले संवाद मग एसीच्या आवाजात बुडतात. ‘आवाज एक पायरी वाढवा’ ही रास्त मागणी आहे.

बाहेरचं खायला नेता येतं का? पाणी तरी?

थिएटर बाहेरचं खाणं अडवू शकतं, सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ ला तसा निर्णय दिला आहे. पण त्याच निकालानुसार पिण्याचं पाणी फुकट मिळालंच पाहिजे, आणि तान्ह्या मुलासाठी आईवडील खाणं नेऊ शकतात. पाण्याची बाटली घ्यायची सक्ती कुणी केली तर नळ कुठे आहे ते विचारा. राष्ट्रगीत लावणं ९ जानेवारी २०१८ पासून थिएटरच्या मर्जीवर आहे. लागलं तर उभं राहायचं असतं.

मुलांना कुठला सिनेमा चालेल हे कसं ओळखायचं?

सुरुवातीच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावरून. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’ चे तीन भाग झाले: ७, १३ आणि १६ वर्षांवरील. यूए मध्ये निर्णय पालकांचा असतो. ‘ए’ असेल तर अठराखालच्या मुलाला आईबापांसोबतही प्रवेश नाही, तिथे दारात हुज्जत घालू नका. सिनेमाची लांबीही त्याच प्रमाणपत्रावर मिनिटांत असते, शेवटची लोकल गाठायची असेल तर ती बघून ठेवा.

शेजारचा माणूस फोन बघतोय.

एकदा हळू आवाजात, ‘फोनचा उजेड डोळ्यावर येतोय’ एवढंच. बहुतेक लोक लगेच खिशात टाकतात. दुसऱ्यांदा स्वतः बोलू नका, कर्मचाऱ्याला आसन क्रमांक सांगा. वाद वाढवला की पुढच्या पाच रांगा सिनेमा सोडून तुमच्याकडे बघतात.

मराठी सिनेमा बघायला निघावं तर एक तर सकाळी साडेनऊचा खेळ, नाहीतर उतरलेला. आपण काय करू शकतो?

२०१५ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवायला सांगितलं. तरीही प्रत्यक्ष खेळ गर्दी बघून ठरतात, आणि दर आठवड्याला नव्याने ठरतात. शुक्रवारी लागलेल्या सिनेमाचं भवितव्य पहिल्या तीन दिवसांत आणि सोमवारी किती खुर्च्या भरल्या त्यावर ठरतं. म्हणून ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणाल तर तो नसेल. बघायचाच आहे तर पहिल्या शनिवार-रविवारी, आणि तिकीट आदल्या दिवशी काढा, कारण रिकामा दिसणारा खेळ ऐनवेळी रद्द होतो. सोसायटीतले वीस-पंचवीस जण एकत्र येत असाल तर व्यवस्थापकाला आधी फोन करून सोयीची वेळ मागा. खिडकीवर तिकीट काढलं तर ॲपची कन्व्हिनियन्स फी आणि तिच्यावरचा १८ टक्के कर दोन्ही वाचतात.

दाक्षिणात्य सिनेमा हिंदीतून बघावा की मूळ भाषेत?

मूळ भाषेत, खाली अक्षरं लावून. अभिनयाचा अर्धा भाग आवाजात असतो. अक्षरं पांढऱ्या पार्श्वभूमीवर हरवत असतील तर ॲपच्या सबटायटल सेटिंगमध्ये पिवळा रंग किंवा काळी पट्टी निवडा. आजी-आजोबांना वाचायला जड जात असेल तर मात्र हिंदी लावा आणि सगळ्यांनी मिळून बघा.

ॲप उघडलं की ट्रेलर आपोआप ओरडायला लागतो. बंद होतो का?

नेटफ्लिक्सवर होतो. ब्राउझरमधून खात्यात जा, आपलं प्रोफाइल निवडा, ‘प्लेबॅक सेटिंग्ज’ मध्ये चाळताना पूर्वदृश्य आपोआप लागण्याची खूण काढा आणि जतन करा. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची खूण तिथेच आहे, तीही काढा. नाहीतर श्रेयनामावली संपायच्या आत पुढचा भाग लागतो आणि संकलक, ध्वनिमुद्रक, रंगभूषाकार यांची नावं कुणी वाचतच नाही. बदल लगेच दिसला नाही तर टीव्हीवरच्या ॲपमध्ये दुसऱ्या प्रोफाइलवर जाऊन परत या.